चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) खोलीत विजेची नवी लाइन : माझा अनुभव

पडवी बंद करून खोली केली की पहिला मोह होतो तो शेजारच्या बोर्डातून दोन वायरी ओढायचा. ती लाइन बहुधा १.५ चौरस मिमीची, दिवे-पंख्यापुरती. तिच्यावर इस्त्री आणि हीटर चढले की एमसीबी (जादा प्रवाह झाला की लाइन तोडणारा स्विच) पडू लागतो, मग कोणीतरी १० अँपियरच्या जागी २० चा बसवून मोकळा होतो. त्यानंतर एमसीबी गप्प राहतो आणि भिंतीतली वायर तापते.

म्हणून डीबीतूनच (घराच्या मुख्य वितरण पेटीतूनच) दोन लाइनी आणल्या. दिवे-पंख्याला १.५ ची तांब्याची वायर आणि १० चा एमसीबी. १६ अँपियरच्या सॉकेटला २.५ ची वायर आणि १६ चा एमसीबी. दोन्हींच्या मागे ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे जाणारा आणि परतणारा प्रवाह जुळला नाही की गळती समजून लाइन तोडणारा स्विच. पाइपच्या वाटेने अंतर १४ मीटर. दोन्ही टोकांना जोडणीसाठी एकेक मीटर धरून सॉकेटच्या लाइनलाच फेज, न्यूट्रल, अर्थ मिळून ४८ मीटर लागली. एसीसाठी २५ मिमीचा एक पाइप आत ओढतार घालून रिकामाच ठेवला. पुढे भिंत फोडण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

चिऱ्यात नुसती छिन्नी चालवू नये, ढलप्या निघतात. आधी कटरने दोन समांतर काप, मग मधला भाग काढायचा. खाच अशी खोल की पाइपावर बोटभर तरी गिलावा बसेल. गिलाव्याआधी पाइपांची तोंडे कापडाने घट्ट बंद करायची आणि वायरी ओढायच्या त्या गिलावा सुकल्यावरच. आधी ओढल्या तर पाणी मारताना ते खालच्या बेंडमध्ये साचते. चिरा पाणी पितो, आणि आपल्याकडच्या पावसात ते सुकायला आठवडे जातात.

खरी डोकेदुखी न्यूट्रलने दिली. सॉकेटवर इस्त्री चालत होती, पण पंख्याचे बटण दाबले की आरसीसीबी पडायचा. पंखा बदलून पाहिला, तरी तेच. वायरमनने पंख्याचा न्यूट्रल जवळचा म्हणून जुन्या खोलीच्या बोर्डातून घेतला होता. फेज आरसीसीबीतून जायची आणि परतीचा प्रवाह त्याला वळसा घालून. ७० वॅटचा पंखा म्हणजे सुमारे ३०० मिलिअँपियर. ३० वर पडणाऱ्या आरसीसीबीला ही सरळ गळतीच वाटते. अशा वेळी आरसीसीबी काढून टाका असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. न्यूट्रल आपल्याच लाइनवर आणला आणि तक्रार मिटली.

चालू करण्यापूर्वी मेन बंद, दिवे-उपकरणे सुटी करून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीचे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तपासून घ्यावे. १ मेगओहमच्या खाली आले तर कुठेतरी ओल आहे किंवा खिळा वायरीत घुसला आहे. मग मेन चालू करून आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबायचे. हे सगळे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यायचे. एसी बसवताना मंजूर लोड अपुरा पडत असेल तर वीज खात्याकडे वाढीव लोडचा अर्ज आधी द्यायचा, एसी नंतर.