पाठकोऱ्यांची पासोडी

नळाला पाणी आलं म्हणून अंगणात पळाले आणि ओल्या फरशीवरून घसरले. उजव्या घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, पाय टेकवायचा नाही. शाळा उघडायला चारच दिवस होते. खरं सांगते, कळ जरा कमी झाल्यावर पहिला विचार आला तो दिवाळी अंकाचा. यंदा कथा पाठवता येईल! दहा वर्षं ‘वेळच मिळत नाही’ म्हणत होते ना.

पहिले पाच दिवस एक ओळ लिहिली नाही. नवी कोरी दोनशे पानी वही उशाशी होती. ती दिसली की मी मोबाइल उचलायची. त्यात सत्तरीच्या सासूबाई स्वयंपाकघरात भाकरी थापायच्या आणि मी पलंगावर. मधूनच डोकावून विचारायच्या, “लिहायलीस का निस्ती बसलीस गं?” टोमणा नसायचा, चहा टाकायचा का एवढंच त्यांना हवं असायचं. पण मला लागायचं.

आम्ही अंबाजोगाईचे. आमच्या गावचे संतकवी दासोपंत, त्यांच्या पासोडीबद्दल मी दर वर्षी वर्गात सांगते. चाळीस फूट लांब, चार फूट रुंद कापड आणि त्यावर लिहिलेलं ‘पंचीकरण’ हे त्यांचं वेदान्तावरचं काव्य. दासोपंतांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची, असंही आमच्याकडे सांगतात. पोरांना ऐकवताना ही त्यांच्या अफाट लेखनाची गोष्ट वाटायची. पडल्या पडल्या वाटलं, ढब्बू म्हणजे मापसुद्धा आहे की! आजची शाई संपली, उठा.

वही कपाटात टाकली. गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा घरात पडून होता, एका बाजूने छापलेल्या. रोज एक पाठकोरा. पान भरलं की वाक्य अर्ध्यात असलं तरी पेन खाली. या अर्ध्या वाक्यानंच मला तारलं. सकाळी ते पुरं करायचं म्हणून बसायची आणि तेवढ्यात पुढचं सुचायचं. पाठकोऱ्याचा धाकही वाटत नाही. मागं ‘रिकाम्या जागा भरा’ असल्यावर पुढं काय बिघडणार?

विषय मात्र आधी चुकला. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्यावर मला मोठी कथा लिहायची होती. चार पानं झाली, सगळी बातमीसारखी. एका दुपारी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, “रेल्वेचं राहू दे. आमची अक्का नळाखाली रिकामी स्टीलची बादली ठिवून झोपायची. धार पडली की बादली वाजायची, मग उठायची. एकदा मांजरानं बादली पाडली. समदी गल्ली घागरी घिऊन बाहेर!”

रेल्वेची चारही पानं बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी पहिलं वाक्य बादलीचं लिहिलं. मग सासूबाई रोज दुपारी पलंगाच्या कडेला टेकू लागल्या. अक्काचं एकेक काढायच्या, वर “हे लिहू नको बरं” असंही म्हणायच्या. तेच आधी लिहायची. त्यांना ते ठाऊक असावं.

नागा झालेच. दोनदा ताप आला. एकदा नणंद आली तेव्हा तीन दिवस कागदाला हात लावला नाही. नाग्याचं पान दुसऱ्या दिवशी भरून काढायचं नाही, एवढं पाळलं. एका दिवसात तीन पानं लिहायची शपथ घेतली की चौथ्या दिवशी एकही होत नाही, हे दहा वर्षांत पुरतं कळलंय.

प्लास्टर काढायच्या आदल्या रात्री लेकीनं बाद चारसह सगळी पानं डिंकानं एकाखाली एक चिकटवली आणि ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत पसरली. एकतीस पाठकोरे. तिनं टेपनं मोजलं, तीस फूट आणि वर थोडंसं.

“दासोपंतांपेक्षा दहा फूट कमी,” ती म्हणाली.

सासूबाई कडेकडेनं, पानावर पाय न पडू देता, नळाखाली बादली ठेवायला गेल्या.