काल रात्री तुमच्याकडे कोण किंचाळत होतं?

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी दार उघडलं, तर बाहेरून चिठ्ठी चिकटवलेली. निळी शाई, शाळेतल्या बाईंसारखं सरळ अक्षर. "शेजारी मंडळींना नमस्कार. काल रात्री १० वाजून ४० मिनिटांनी तुमच्या घरातून एक बाई किंचाळल्याचा आवाज आला. सगळं ठीक आहे ना? मदत हवी असेल तर कधीही बेल वाजवा. सगळं ठीक असेल, तर कृपया रात्रीची शांतता पाळा." खाली सही.

मी ती चिठ्ठी दारातच उभी राहून तीनदा वाचली. पहिल्यांदा पोटात गोळा आला. दुसऱ्यांदा राग आला. तिसऱ्यांदा "मदत हवी असेल तर" या शब्दांवर थांबले. किंचाळली होती ती सिनेमातली बाई. लेक झोपल्यावर मी आणि नवरा नवीनच आलेला एक भयपट लावून बसलो होतो. इकडे जर्मनीत, ल्युबेकला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कुणी आमच्या दाराला काही चिकटवलं नव्हतं.

नाख्टरुहे, म्हणजे रात्रीची शांतता, इथे रात्री दहा ते सकाळी सहा. रविवारी तर दिवसभरच. रविवारी भिंतीत ड्रिल मारायचं नाही, कोपऱ्यावरच्या पिंपात काचेच्या बाटल्यासुद्धा टाकायच्या नाहीत. हे सगळं मी शिकले आणि मनापासून पाळते. गणपतीची आरती संध्याकाळी सातला उरकतो, झांजा हळू वाजवतो. पण दहानंतर टीव्हीचा आवाज "खोलीपुरता" म्हणजे किती, हे मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. शेजारच्या घरात ऐकू जाता कामा नये, एवढंच. बातम्यांना हे जमतं, क्रिकेटलाही एक वेळ जमेल. भयपटाचं काय करायचं? त्यातली माणसं अर्धा तास कुजबुजतात आणि मग अचानक दार आपटतं. कुजबुज ऐकू यावी म्हणून आवाज वाढवावा, तर दार शेजारणीच्या उशाशी आपटणार. आवाज कमी ठेवावा, तर कुजबुज आमच्या फ्रिजच्या घरघरीखाली जाणार. त्या रात्री दीड तास रिमोट माझ्या हातात होता. वर, खाली, वर, खाली. घाबरायला सवड कुठे होती?

यात माझी काही चूक नाही, असं मला आजही वाटतं. थिएटरातला पडद्यामागचा एकेक स्पीकर ८५ डेसिबलवर लावून घेतात आणि त्याच्या वर आणखी २० डेसिबलची जागा आवाज उसळायला मोकळी ठेवतात. म्हणजे १०५ पर्यंत. पोटात घुमणाऱ्या खर्जाच्या स्पीकरला त्याहूनही दहा जास्त. सिनेमाचा आवाज बांधणारा माणूस तेवढी जागा धरूनच काम करतो. तो आवाज आपण दिवाणखान्यात आणून शेजारधर्माला शोभेल इतका दाबला, की उरते ती नुसती चित्रं.

आणि अंधार? जूनमध्ये इथे सूर्य मावळतो पावणेदहाच्या पुढे, त्यानंतरही आकाश बराच वेळ उजळलेलं असतं. आमच्या खिडक्यांना शटर नाहीत. अंधार पडेपर्यंत शांततेची वेळ सुरू झालेली असते, आणि आवाजाला परवानगी असते तोवर खोलीत लख्ख उजेड. उन्हाळ्यात अंधार आणि आवाज या देशात घरी एकत्र मिळत नाहीत. नवरा म्हणाला, "हेडफोन लावू." एक रात्र लावून पाहिले. एकाच सोफ्यावर दोघं, दोघांच्या कानांत वेगवेगळी भीती. तो दचकला ते मला कळलंच नाही. मी हेडफोन काढून ठेवले.

घरी सिनेमा बघणं मला मुळात असं ठाऊकच नाही. सांगलीला आमच्या गल्लीत मे महिन्यात व्हिडिओ भाड्याने आणायचे. एका रात्रीत तीन कॅसेटी, त्यातली एक भुताची असायचीच. पुढच्या खोलीत सतरंजीवर आम्ही पंधरा-वीस पोरं, मागे खुर्च्यांवर काका-काकू, दारात शेजारचे आजोबा, खिडकीच्या गजांना लटकलेली दोघं-तिघं. पडद्यावरची बाई कंदील घेऊन तळघराकडे निघाली की अख्खी खोली ओरडायची, "अगं नको जाऊ, मागे बघ!" आत्या मध्येच सगळ्यांना कैरीचं पन्हं द्यायची. वीज गेली तर सिनेमा तिथेच थांबायचा आणि आजोबा आपला मुंजा सुरू करायचे. पिंपळावरचा मुंजा झाला की हडळ, हडळ झाली की विहिरीतला गिऱ्हा. वीज परत आली तरी कुणी "टीव्ही लावा" म्हणायचं नाही. ते घरच होतं, पण त्याला घर म्हणायचं की थिएटर?

म्हणून आपल्याकडच्या थिएटरांना कुणी नावं ठेवली की मी भांडते. इथल्या माझ्या एका सहकाऱ्याने मुंबईत कधीतरी सिनेमा पाहिला होता. लोक बोलत होते, फोन वाजत होते, मधेच दिवे लागले, असं तो सांगत होता. मी त्याला म्हटलं, मध्यंतरात शेजारचा अनोळखी माणूस "आता काय होईल हो?" असं विचारतो, ते तू पाहिलं नाहीस. तान्ही मुलं घेऊन येतात, कारण त्यांना ठेवायला दुसरी जागा नसते आणि आईलाही सिनेमा बघायचा असतो. फोनचं मात्र मी समर्थन केलं नाही. पडद्यावर कुणी सिगरेट पेटवली की कोपऱ्यात उगवणारी सूचना मलाही भयपटात खुपते. पण 'तुंबाड'चं उदाहरण त्याला दिलंच. २०१८ साली आला तेव्हा थिएटरात बेताचाच चालला. मग लोकांनी घरी बसून, मोबाइलवर, लॅपटॉपवर पाहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. घरात पाहून झालेला सिनेमा बघायला लोक पैसे मोजून अंधारात गेले. गर्दीत घाबरण्यासाठीच गेले असणार ना?

शेजारीण मला चिठ्ठीनंतर चार दिवसांनी जिन्यात भेटली. साठीच्या पुढची, हातात जुन्या कागदांची पिशवी. मी माफी मागितली, सिनेमा होता असं सांगितलं. ती म्हणाली, तिची झोपायची खोली आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीला लागून आहे, बेकरीत कामाला जाते, पहाटे तीनला उठते. मग म्हणाली, "मी पोलिसांना फोन करायला उचलला होता. मग आवाज थांबला. पण रात्रभर झोप लागली नाही, कारण आवाज का थांबला ते मला कळत नव्हतं." मी काय बोलणार? नियमाचा राग अजूनही पूर्ण गेलेला नाही. पण ती भिंतीपलीकडे अंधारात कान देऊन बसली होती, हे डोक्यातून जात नाही.

तेव्हाच ठरवलं, यापुढे भयपट थिएटरात.

२ जानेवारी २०२५ ला इथे नवा 'नोस्फेराटू' लागला, रक्त पिणाऱ्या एका सरदाराचा भयपट. ल्युबेकच्या माणसाला या सिनेमाचं काय वाटतं ते सांगायला हवं. मूळचा 'नोस्फेराटू' १९२२ सालचा, दिग्दर्शक मुर्नाऊचा. ४ मार्च १९२२ ला बर्लिनला त्याचा प्रीमियर झाला. त्यातल्या गावाचं नाव काल्पनिक, पण चित्रण इथल्या परिसरात, विस्मारमध्ये आणि आमच्या ल्युबेकमध्ये झालं. त्यातला सरदार गावात येऊन ज्या ओसाड इमारतीत राहतो, ती म्हणजे ट्रावे नदीकाठची मिठाची गोदामं. लुनेबर्गहून आलेलं मीठ इथे साठवायचे. विटांच्या सहा उंच इमारती, एकमेकींना खेटून. मी रोज सायकलवरून त्यांच्यासमोरून जाते. नव्या सिनेमाचं बरंचसं काम प्रागकडे झालंय, तरी इथे लोक तो आपलाच मानतात.

मला तो मूळ आवाजातच बघायचा होता. इथे बहुतेक परदेशी सिनेमे जर्मन आवाजात डब करून दाखवतात. मूळ भाषेतला, खाली जर्मन अक्षरं असलेला खेळ आठवड्यातून एखादा. त्यातल्या सरदाराचं काम करणाऱ्या बिल स्कार्सगार्डने आपला आवाज खाली, आणखी खाली नेण्यासाठी ऑपेरा गाणाऱ्या बाईंकडे तालीम घेतली होती. ती मेहनत बाजूला काढून दुसऱ्याचा आवाज का ऐकायचा? त्या खेळासाठी मी दीड आठवडा थांबले. तिकिटावर दीड युरो जादा लागले, कारण सिनेमा लांब आहे. दोन तास बारा मिनिटांचा सिनेमा लांब! तीन-तीन तास सिनेमे बघत वाढलेल्या माणसाला हे पटणं शक्य नाही, मला पटलेलं नाही.

तो संक्रांतीचा आठवडा होता. आदल्या दिवशी हॅम्बुर्गला हळदीकुंकू झालं होतं, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या त्या तशाच. नवरा लेकीपाशी थांबला, मी एकटीच गेले. पंचवीस मिनिटं जाहिराती, मग अंधार. सत्तर-ऐंशी माणसं असतील. आणि कुणीही, अगदी कुणीही, हूं की चूं केलं नाही.

पहिली दहा मिनिटं मला ते सहन होईना. वाटलं, ही माणसं घाबरायला आलीत की परीक्षा द्यायला? मग तो आवाज आला. तो आधी खुर्चीच्या पाठीतून आला, कानात नंतर. एकेक शब्द घशाच्या तळातून ओढून काढल्यासारखा, आणि दोन शब्दांच्या मधला त्याचा श्वास, जो आमच्या सोफ्यावर मला कधीच ऐकू आला नसता. मी दचकले आणि बांगड्या वाजल्या. त्या शांततेत केवढ्यांदा वाजल्या! शेजारच्या बाईने माझ्याकडे पाहिलं. मी हात मांडीवर दाबून धरला. पुन्हा दचकले, पुन्हा किणकिण. शेवटी एकेक बांगडी अंधारात हळूहळू उतरवली, रुमालात गुंडाळली आणि कोटाच्या खिशात ठेवली. उघड्या मनगटाला थंडी वाजली ते अजून आठवतं. त्यानंतर मला कळायला लागलं, की सगळे गप्प आहेत पण निवांत कुणीच नाही. पुढच्या रांगेतल्या दणकट माणसाने मफलर तोंडावर ओढून घेतला होता. कुणाची तरी खुर्ची करकरली की आसपासचे चार जण हलत होते. ओरडणं नव्हतं, एवढंच. भीती सगळ्यांची एकच होती.

तरीही खरं सांगते, मला एक तरी "अगं, मागे बघ!" हवं होतं. मध्यंतर हवं होतं.

नावं संपेपर्यंत बहुतेक लोक बसून राहिले. मग बाहेर, कोट चढवताना, ही मंडळी बोलायला लागली. इथे अनोळखी माणसं आपणहून बोलत नाहीत, हे मी तुम्हाला मागे अनेकदा लिहिलंय. त्या रात्री दारात उभं राहून ती एकमेकांना विचारत होती, "तुम्ही कुठल्या बाजूला जाणार?" माझ्या शेजारच्या बाईने मलाही विचारलं. मी म्हटलं, पुलापलीकडे. ती म्हणाली, "मीसुद्धा. तिथून मला आज एकटीने जायचं नाही." मागून आणखी एक कॉलेजची मुलगी येऊन मिळाली.

तिघी निघालो. अकरा वाजून गेले होते, फरशीवर बर्फाचा पातळ थर, म्हणून एकमेकींचे हात धरले. पुलावर आल्यावर डावीकडे ती सहा गोदामं. रोजचीच. खिडक्या काळ्या, खाली पाणी काळं. मुलगी थांबली नाही, फक्त चालता चालता म्हणाली, "बघू नका तिकडे." मी मराठीत काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही, आणि त्या दोघी मान डोलावून हसल्या. पलीकडे सिग्नलपाशी आम्ही वेगळ्या झालो. नावं विचारायची राहूनच गेली.

घरी पोचले तेव्हा पावणेबारा. खालच्या दारातच बूट काढून हातात घेतले आणि मोज्यांवर जिना चढले. शेजारणीच्या दाराखाली अंधार होता, तिला उठायला तीन-सव्वातीन तास होते. तिच्या दारावरून जाताना मी दुसरा हात कोटाच्या खिशावर घट्ट दाबून धरला, बांगड्या वाजू नयेत म्हणून.