अनाहाइमचं निळं दूध

"मामा, बेबी योडा कुठे भेटतो?" डिस्नेलँडच्या गेटातून आत शिरतोय तोवर भाच्याचा पहिला प्रश्न. वय वर्षं नऊ. 'स्टार वॉर्स'चा एकही सिनेमा त्याने सलग बघितलेला नाही. ओटीटीवरच्या मालिकेतलं ते मोठ्या कानांचं हिरवं पोर तेवढं त्याच्या ओळखीचं.

भावजींचं उलट. व्हीसीआर भाड्याने आणून कॅसेटी झिजेपर्यंत पाहणाऱ्या पिढीतले ते. दोन दिवस त्यांच्या तोंडी 'गॅलेक्सीज एज'शिवाय दुसरं काही नव्हतं. 'स्टार वॉर्स'चा १४ एकरांचा हा भाग ३१ मे २०१९ रोजी इथे, कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमला, उघडला. कमानीतून पलीकडे गेलं की बाकीचं डिस्नेलँड मागे पडतं आणि बाटू नावाच्या ग्रहावरचा कळकट बाजार सुरू होतो. भिंतींचे पोपडे, गंजके पाइप, सगळं मुद्दाम केलेलं. कोपऱ्यावर वळलो तर समोर सिनेमातलं यान, अख्खं मिलेनियम फाल्कन, उभं! भावजी गप्पच झाले. ताई हळूच म्हणाली, "लग्नातसुद्धा इतके भावुक झाले नव्हते."

लाइटसेबर, म्हणजे उजेडाची तलवार, बांधायच्या कार्यशाळेत मी त्यांच्यासोबत गेलो. ताई आणि भाचा बाहेर निळं दूध पीत बसले. (नारळाचं आणि तांदळाचं दूध घालून केलेलं गारेगार सरबत. मी नंतर एक घोट घेतला, पुरला.) तलवारीची किंमत दोनशे डॉलरच्या वर, बुकिंग आधी करावं लागतं. आत अंधार. टेबलाभोवती उभ्या असलेल्यांत एक मुलगी सोडली तर सगळे चाळिशीपुढचे बाप्ये. रंगीत स्फटिक निवडायचा, मग मूठ, कड्या, बटणं जोडायची. "निळाच ना, भावजी?" "लाल, खलनायकांचा. ऑफिसात उपयोगी पडेल." शेवटी सगळ्यांच्या तलवारी एकदम पेटल्या, आणि शेजारच्या टकलू गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मला मात्र हिशेब सुचत होता. २०१२ मध्ये डिस्नेने 'स्टार वॉर्स'चे जनक जॉर्ज ल्यूकस यांच्याकडून त्यांची ल्यूकसफिल्म ही कंपनी सुमारे ४ अब्ज डॉलरना घेतली. २०१५ च्या पहिल्याच सिनेमाने जगभरात २ अब्जांवर गल्ला जमवला. मालिकेचा पुढचा भाग १.३ अब्जांवर आला, त्याच्या पुढचा, डिसेंबर २०१९ चा, जेमतेम १ अब्जाच्या वर. मधे हान सोलोचा सिनेमा तर तोट्यात गेला. डिसेंबर २०१९ नंतरचा सिनेमा पडद्यावर थेट मे २०२६ मध्ये. साडेसहा वर्षं नवा सिनेमा नाही, तरी दुकानात रांग हटत नाही! डिस्नेच्या नफ्यात आज निम्म्याहून जास्त वाटा बागा, जहाजं आणि खेळण्यांच्या विभागाचा. सिनेमा ही जाहिरात, धंदा इथे.

पण हेही दरवेळी चालतं असं नाही. ऑर्लंडोला डिस्नेने 'स्टार वॉर्स'मधल्या अंतराळयानासारखं हॉटेल काढलं. दोन रात्री, दोघांचे जवळजवळ ४,८०० डॉलर, म्हणजे आपले ४ लाख. मार्च २०२२ ला उघडलं, सप्टेंबर २०२३ ला बंद. हौशी माणूसही एकदाच जाणार, दरवर्षी कोण जातंय?

माझ्या मते खरी चूक बाटूच्या बाजारातच होती. तो उभारला नव्या सिनेमांच्या काळातला. त्यामुळे तिथे नव्या सिनेमांतला खलनायक कायलो रेन फिरायचा, आणि ज्यांच्यासाठी भावजींसारखे लोक खिसा रिकामा करतात ते जुन्या सिनेमांतले ल्यूक, लेया, हान सोलो कुठेच नव्हते. एप्रिल २०२६ पासून त्यांना इथे आणायचं कंपनीने ठरवलं. सात वर्षांनी का होईना, गिऱ्हाईक कोण ते कळलं म्हणायचं.

भाच्याला त्याचा बेबी योडा संध्याकाळी दिसला, मालिकेचा नायक मँडलोरियन याच्या खांद्याला लटकवलेल्या झोळीत. कान हलवले, डोळे मिचकावले. दोन मिनिटं. मग कापडी ग्रोगू (बेबी योडाचं खरं नाव) घ्यावाच लागला, मामा आहे ना बरोबर.

रात्री पार्किंगकडे जाणारी ट्रॅम अंधारी होती. भावजींनी राहवेना म्हणून पिशवीतून तलवार काढली आणि बटण दाबलं. लाल उजेड, तो घूंऽऽ आवाज. दोन बाकं पुढे एक निळी पेटली, मागे एक हिरवी. तिन्ही बाबालोक एकमेकांकडे बघून हसले.

माझ्या मांडीवरून भाच्याने ग्रोगूत खुपसलेलं डोकं जरा वर केलं. "बाबा, ऑफ कर ना. झोप येतेय."