ओल्गाची प्रत करताना

पिकासोनं रंगवलेल्या ओल्गा खोखलोव्हाच्या पोर्ट्रेटची प्रत करायला घेतली, तेव्हा सगळ्यांनी चेहऱ्याचीच भीती घातली होती. चेहरा लवकर बसला. घाम काढला तो खुर्चीनं आणि मोकळ्या कॅनव्हासनं.

ओल्गा ही दिआगिलेव्हच्या 'बॅले रूस' या रशियन नृत्य कंपनीतली नर्तिका. १९१७ मध्ये 'पराद' या बॅलेचं नेपथ्य आणि कपडे करायला पिकासो रोमला गेला, तिथं दोघांची गाठ पडली. पुढे कंपनी दक्षिण अमेरिकेला निघाली, ही मागे राहिली. पॅरिसलगतच्या माँरूजमधल्या स्टुडिओत हे चित्र झालं आणि जुलै १९१८ मध्ये लग्न. चित्रात बॅलेची एक खूण सापडत नाही. एका हातात पंखा, दुसरा खुर्चीच्या पाठीवर सैल टाकलेला, मधोमध भांग, नजर आपल्याकडे नाहीच.

मूळ चित्र १३० × ८८.८ सेंटिमीटरचं. मी निम्म्या मापात केलं, म्हणजे ६५ × ४४.४. पाच सेंटिमीटरच्या चौकटी आखल्या की उंचीला नेमक्या तेरा येतात, हिशेब सोपा. शिवाय माप वेगळं असलं की प्रत ही प्रतच राहते.

याच बैठकीचा स्टुडिओतला फोटो उपलब्ध आहे, तो शेजारी लावून ठेवला. फोटोतली खोली सामानानं भरलेली. चित्रात त्यातलं काही नाही. खुर्चीचे पायसुद्धा नाहीत! बाई अधांतरीच बसलीय. खुर्चीवरचं फुलांचं कापड तर भिंतीला डकवलेल्या कागदासारखं सपाट. हात सवयीनं घडीत सावली टाकायला जायचा, आणि टाकली की चित्र बिघडायचं. पुसायचं, परत सपाट रंग. या काळात पिकासोनं क्युबिझम, म्हणजे वस्तू सपाट, तुटक पैलूंत मांडायची त्याची आधीची शैली, बाजूला ठेवला असं म्हणतात. मला तरी तो याच खुर्चीत दिसतो.

मग पार्श्वभूमी. बाजारचा कॅनव्हास पांढराफटक, मूळची मोकळी जागा मळकट, पिवळसर. म्हणजे 'न रंगवलेलं' आधी रंगवणं आलं. रॉ अंबर हा मातकट तपकिरी रंग आणि पांढरा टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडे फिरवला, फडक्यानं पुसून घेतला आणि पूर्ण वाळू दिला. आकृती त्याच्यावर. गडद झग्याची कड जिथं संपते तिथं बोट फिरवून ती मऊ करायचा मोह फार होतो. करू नये. कड तशीच तुटक ठेवली तर खांदे पुढे येतात.

आमच्याकडे पोर्ट्रेट म्हटलं की मागचा तपकिरी अंधार भरल्याशिवाय चैन पडत नाही. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "हे पूर्ण कधी करणार?"

व्हार्निश सहा महिन्यांनी, तेलरंग आतून वाळल्यावर. मागच्या बाजूला 'पिकासोच्या चित्रावरून' असं ठळक लिहून टाकलंय. मूळ पॅरिसच्या पिकासो म्युझियममध्ये आहे.