रुक्मिणीच्या माहेराला पायी

आषाढीला अख्खा महाराष्ट्र पंढरपूरची वाट धरतो. कार्तिक पौर्णिमेला मात्र खुद्द पांडुरंगच सासुरवाडीला येतो, अशी आमच्याकडं श्रद्धा आहे. ही सासुरवाडी म्हणजे वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर, अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातलं लहानसं गाव. यंदा मी गावच्या दिंडीसोबत तिथं पायी गेले.

कुऱ्हा सोडलं तेव्हा नुकतं फटफटलं होतं. दोन्ही अंगांनी पऱ्हाटी फुटलेली, तूर फुलावर आलेली. वेचणीच्या बाया ओटीतला कापूस सावरत धुऱ्यापर्यंत यायच्या, वीणेकऱ्याच्या पाया पडायच्या अन् पुन्हा वावरात शिरायच्या. मजुरीचा दिवस बुडवणं त्यांना परवडत नाही. त्यांचा तो नमस्कार मला आमच्या चालण्याहून मोठा वाटला.

सोबत एक म्हातारी माय होती, आषाढीची वारीही केलेली. कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. 1594 साली संत सदाराम महाराजांनी ती सुरू केली, असं परंपरा सांगते. महिनाभराहून जास्त पायपीट. मी विचारलं, "माय, एवढं चालवते कसं?" ती म्हणाली, "लोकं देवाले भेटाले जाते वं बाई, आपण तं लेकीले भेटाले जातो. लेकीकडं जाताना पाय दुखते का?" बाकी पालख्या संतांच्या पादुका घेऊन निघतात, ही माहेरची माणसं घेऊन निघते. हे इतकं नीट मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

विठ्ठल-रुक्मिणीचं मंदिर नदीकाठी उंचावर आहे. खाली वर्धेचं पात्र, पलीकडं वर्धा जिल्हा, आर्वीचा मुलूख. रुक्मिणीचा बाप भीष्मक राजा, त्याची ही राजधानी. इथल्याच अंबिकेच्या देवळातून कृष्णानं रुक्मिणीचं हरण केलं. भाऊ रुक्मी पाठलागावर गेला, हरला, अन् कृष्णाला जिंकल्याशिवाय कुंडिनपुरात, म्हणजे याच कौंडण्यपुरात, पाऊल ठेवणार नाही या प्रतिज्ञेपायी परत आलाच नाही. त्यानं वसवलेलं भोजकट म्हणजे आपली अमरावतीजवळची भातकुली, असं इकडं मानतात. दमयंतीही इथलीच.

कथा बाजूला ठेवली तरी गाव जुनंच आहे. 1962 ते 64 मध्ये पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर दीक्षितांनी इथली टेकाडं खणली, तेव्हा सातवाहन काळातली अन् त्याहूनही आधीची वस्ती हाती लागली. दर्शन झालं की लोक जत्रेत शिरतात, टेकाडाकडं फारसं कोणी वळत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. रुक्मिणीच्या पायाखालची म्हणून आपण जी माती कपाळाला लावतो, तिच्यात दोन हजार वर्षांपूर्वीची चूल पेटत होती, हे पोरांना दाखवायला हवं.

दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला दहीहंडी. गावोगावच्या दिंड्या जमतात, काल्याचा प्रसाद वाटला जातो. पायी जायचं असेल तर पहाटेच निघा; दुपारी डांबरी रस्ता कार्तिकातही तापतो. दर्शनानंतर टेकाडावर एक चक्कर नक्की मारा. खापराचे तुकडे दिसले तर पाहा, पण तिथंच राहू द्या.