फॉइलच्या होडीची स्पर्धा घेताना

तिसरी-चौथीसाठी चौघांचा गट बरा. पाचवा नुसता बघत बसतो. प्रत्येक गटाला 20 बाय 20 सेंमी ॲल्युमिनियम फॉइलचे दोन तुकडे द्या, एक सरावाला. पंधरा मिनिटांत होडी, मग ती टबातल्या पाण्यात सोडून तिच्यात रुपयाची नाणी एकेक करून ठेवायची. ज्यांची होडी बुडण्याआधी जास्त नाणी पेलेल, तो गट जिंकला. नाणी एकाच घडणीची घ्या, जुनी-नवी वजनाला सारखी नसतात.

होडी बहुतेकदा अतिभारानं बुडत नाही: नाणी एका कडेला साचतात, ती कलते, काठावरून पाणी आत. टोकदार होडी दिसते झकास, पण पेलते सपाट तळाची, बोटभर काठाची. कोपरे कापू नका, दुमडा. चिरेतून पाणी झिरपतं. बुडवणारं नाणं मोजणीत धरायचं नाही हे आधीच सांगा, नाहीतर तिथेच भांडण जुंपतं. आणि हो, फरशी पुसायला फडकं ठेवा.