लादी वाळली, भिंत नाही

पावसाचं पाणी घरात शिरलं की ते उपसून, लादी पुसून घर कोरडं दिसतं, पण ओल भिंतीत असते. घोट्याएवढं पाणी आलं तरी गिलावा ते शोषून बराच वर ओढतो. बुरशी धरायला 24 ते 48 तास पुरतात.

आधी मेन स्विच बंद. भिजलेले सॉकेट इलेक्ट्रिशियनने पाहिल्याशिवाय चालू करू नका. रस्त्यावरून आलेलं पाणी गटाराचंच समजा. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची भीती असते, म्हणून गमबूट आणि रबरी हातमोजे हवेतच. त्या पाण्यात भिजलेल्या कापसाच्या गाद्या, उशा सरळ टाकाव्यात. जीव कितीही अडकला तरी.

कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, ड्रॉवर बाहेर काढा, तळाची पट्टी उचकटा. काळे ठिपके आधी तिथे आणि बॉक्सच्या पलंगाखाली येतात, कारण तिथे हवा फिरत नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, फुगलं की संपलं. चांगलं प्लायवूड बऱ्याचदा वाचतं.

‘खिडक्या उघडा, वारा येऊ द्या’ हा सल्ला जुलैच्या मुंबईत फसवा. बाहेरच्या हवेतच 80-90 टक्के आर्द्रता, भिंत वाळणार कशी? ऊन पडलं तर उघडा. एरवी खिडक्या लावून एसी ड्राय मोडवर किंवा डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) ठेवा. त्याची नळी मोरीत सोडली की टाकी उपसत बसावं लागत नाही. आर्द्रता 60 टक्क्यांखाली आणा. पंखा भिंतीवर तिरका लावा, पण बुरशी दिसत असेल तर नको; बीजाणू घरभर उडतात.

भिंतीवरचा पांढरा भुगा म्हणजे बुरशीच असं नाही. थेंबभर पाणी टाका. विरघळला तर लोणा, म्हणजे भिंतीतून वर आलेला क्षार; तो कोरड्या ब्रशने झाडा. बुरशी मात्र आधी ओली करा, एन-95 मास्क लावून साबणाच्या पाण्याने घासा. ब्लीच टाइल्सवर ठीक. गिलाव्यावर डाग फक्त पांढरा होतो, आतली बुरशी तशीच राहते. ब्लीचमध्ये टॉयलेटचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

पेंटर चौथ्या दिवशीच पुट्टी मारायला तयार असतो. त्याआधी फूटभर प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने भिंतीवर घट्ट चिकटवा, 48 तासांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं तर थांबा, नाहीतर दिवाळीपर्यंत पोपडे हातात येतील. तळमजल्याच्या घरांना रंगासाठी बहुधा ऑक्टोबरच्या उन्हाचीच वाट पाहावी लागते.